बढतीत हरवलेले काम

एक वाचक गेली चौदा वर्षे लहान मुलांसाठीच्या शैक्षणिक दूरचित्रवाणी कार्यक्रमांच्या निर्मितीत आहेत. संशोधन साहाय्यक म्हणून त्या या क्षेत्रात आल्या, नंतर संहिता लिहू लागल्या, पुढे मालिकेच्या निर्मात्या झाल्या आणि दोन वर्षांपूर्वी संपूर्ण बालविभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. आता प्रौढांसाठी दैनंदिन मालिका करणाऱ्या एका निर्मितीसंस्थेने त्यांना दीडपट वेतनावर मालिकेच्या निर्मात्या म्हणून बोलावले आहे आणि उत्तरासाठी तीन आठवड्यांची मुदत दिली आहे. सध्याच्या ठिकाणी बालविभागाचे अंदाजपत्रक दर वर्षी आक्रसत चालले आहे. पुढची मालिका चार-चार मिनिटांच्या तुकड्यांत करावी, दृश्ये अधिक वेगाने बदलावीत आणि तयार होत असलेला भाग मुलांना दाखवून घेतल्या जाणाऱ्या चाचण्या वगळाव्यात, असे वरिष्ठांनी सांगितले आहे. त्या लिहितात : ‘मुले आता दोन मिनिटांच्या वर काही पाहत नाहीत, हे मलाही मान्य करावे लागते. शिवाय माझ्या कामातून एखादे मूल खरोखर काही शिकले का, हे मला कोणीच सांगू शकत नाही. नातेवाईक भेटले की विचारतात, अजून बाहुल्यांचेच काम का? माझ्याबरोबर सुरुवात केलेली माणसे आज मोठ्या मालिका करतात. मी इतकी एकाच कामाची होऊन बसले आहे की आता गेले नाही, तर पुन्हा कुठेच जाता येणार नाही अशी भीती वाटते. आणि जायचे ठरवले की रात्री झोप लागत नाही. गेल्या दोन वर्षांत मी एकाही मुलाशेजारी बसून आमचा कार्यक्रम पाहिलेला नाही, याचेही वाईट वाटते, पण विभागप्रमुखाला तेवढा वेळ कुठून मिळणार? मी काय करावे?’

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले आणि तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. वेतन, प्रतिष्ठा आणि भीती यांवर तुम्ही सविस्तर लिहिले आहे आणि मग, जाता जाता लक्षात आल्यासारखे, दोन वर्षांत एकाही मुलाशेजारी बसलेले नाही असे सांगून तो विषय लगेच मिटवून टाकला आहे. लेखनाकडे वळण्यापूर्वी मीही काही वर्षे मुलांच्या कार्यक्रमांत काम केले असल्यामुळे, त्या वाक्याचे वजन तुम्ही दिले आहे त्याहून बरेच अधिक आहे असे मला वाटते. मुलांसाठी काम करावे की प्रौढांसाठी, असा प्रश्न तुम्ही मांडला आहे. मला मात्र असे दिसते की दोन वर्षांपूर्वी तुमचे काम बदलले आणि तो बदल बढतीच्या रूपाने आल्यामुळे तुमच्या नीट ध्यानात आला नाही. तोपर्यंत तुम्ही कार्यक्रम घडवत होता. त्यानंतर तुम्ही वेळापत्रके, अंदाजपत्रके आणि बैठका सांभाळत आहात. मग ज्या कामाचा तुम्हाला थकवा आला आहे ते या दोहोंपैकी कोणते, हे आधी ठरवावे लागेल, कारण थकवा दुसऱ्या कामाचा असेल तर पहिले सोडून तो जाणार नाही.

मुलाशेजारी बसून कार्यक्रम पाहणे ही वेळ मिळाल्यास करण्याची गोष्ट आहे, असा तुमच्या पत्राचा सूर आहे. या व्यवसायाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. प्रौढांसाठी माहितीपट करणाऱ्या जोन गँझ कूनी यांनी 1966 मध्ये, दूरचित्रवाणीच्या साहाय्याने शाळेत जाण्यापूर्वीच्या वयाच्या मुलांना शिकवता येईल का, यावर एक अहवाल तयार केला. त्यातूनच पुढे 10 नोव्हेंबर 1969 रोजी ‘सेसमी स्ट्रीट’ हा कार्यक्रम अमेरिकेत सुरू झाला. पहिला भाग प्रसारित होण्याआधी, 1968 च्या उन्हाळ्यात, मानसशास्त्रज्ञ जेराल्ड लेसर यांच्या पुढाकाराने शिक्षक, लेखक, बालमानसशास्त्रज्ञ आणि दूरचित्रवाणीतील मंडळी यांच्या प्रदीर्घ बैठका झाल्या आणि मुलांना नेमके काय शिकवायचे हे त्यांत ठरले. या तयारीइतकेच महत्त्वाचे होते ते एडवर्ड पामर यांचे काम. ते मुलाला दूरचित्रवाणी संचासमोर बसवत, शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी एक नवे चित्र दाखवत आणि कार्यक्रमाच्या कोणत्या क्षणी मुलाची नजर त्या चित्रांकडे वळते याची नोंद ठेवत. नजर वळली तो क्षण कार्यक्रमातील दुबळा क्षण मानला जाई.

या नोंदींनी केवढा बदल घडवला ते पाहा. जुलै 1969 मध्ये फिलाडेल्फियात तासाभराचे पाच चाचणी भाग मुलांना दाखवण्यात आले. बाहुल्या आणि खरी माणसे एकाच दृश्यात आणली तर मुलांचा गोंधळ होईल, असे तज्ज्ञांचे म्हणणे असल्यामुळे, कार्यक्रम ज्या रस्त्यावर घडतो तिथल्या प्रसंगांत तेव्हा केवळ माणसेच होती. बाहुल्यांचे आणि अ‍ॅनिमेशनचे तुकडे मुलांनी एकाग्रतेने पाहिले आणि रस्त्यावरचे प्रसंग आले की त्यांचे लक्ष उडाले. तेव्हा तज्ज्ञांचा सल्ला बाजूला ठेवून माणसांबरोबर वावरणारी बाहुल्यांची पात्रे त्याच रस्त्यावर आणण्यात आली. बिग बर्ड आणि ऑस्कर ही पात्रे या निर्णयातून जन्मली. बैठकीत बसलेल्या विद्वानांना जे दिसले नाही, ते मुलांच्या मानेच्या वळण्यातून दिसले. चाचण्या वगळायला तुम्हाला सांगितले जाते, तेव्हा खर्चाच्या यादीतील एक ओळ खोडली जाते असे भासते. प्रत्यक्षात निर्मितीतील ज्या टप्प्यावर कार्यक्रम सुधारता येतो तो टप्पाच काढून टाकला जात असतो.

मुले आता दोन मिनिटांच्या वर काही पाहत नाहीत, हे विधान तुम्ही मान्य केले आहे. मी ते इतक्या सहज मान्य करणार नाही. मुले दूरचित्रवाणी कशी पाहतात याचा दीर्घकाळ अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ डॅनियल अँडरसन आणि त्यांचे सहकारी यांनी एका प्रयोगात कार्यक्रमातील संवाद उलटे ऐकू येतील असे केले किंवा परक्या भाषेत बदलले. पडद्यावरची हालचाल, रंग आणि वेग तसेच असूनही मुलांचे लक्ष घटले. दुसऱ्या एका प्रयोगात पाच वर्षांच्या मुलांच्या एका गटाला खेळण्यांनी भरलेल्या खोलीत आणि दुसऱ्या गटाला खेळणी नसलेल्या खोलीत तोच कार्यक्रम दाखवण्यात आला. खेळणी असलेल्या मुलांनी पडद्याकडे दुसऱ्या गटाच्या जवळपास निम्माच वेळ पाहिले, तरी कार्यक्रम दोन्ही गटांना सारखाच समजला होता, कारण खेळता खेळता कुठे वर पाहायचे हे त्या मुलांना आवाजावरून कळत होते. या प्रयोगांमधून मी एवढे घेतले आहे की मूल जे समजते आहे असे त्याला वाटते तेच पाहते, आणि समजेनासे झाले की नजर काढून घेते. म्हणून एखाद्या तुकड्यात लक्ष उडाले तर वेग वाढवण्याआधी तिथे काय समजले नाही ते शोधावे लागते. वेगवान कट घेऊन न समजलेली गोष्ट समजत नाही. ती लवकर संपते, एवढेच.

याचा अर्थ चार मिनिटांचे तुकडे वाईट असा मात्र नाही, आणि या मुद्द्यावर तुमच्या वरिष्ठांशी भांडण्यात तुम्ही शक्ती घालवू नये असे मला वाटते. ‘सेसमी स्ट्रीट’ची रचनाच मुळी जाहिरातींसारख्या छोट्या, वारंवार येणाऱ्या तुकड्यांची होती. उलट 1996 मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लूज क्लूज’ या मालिकेने अर्ध्या तासात एकच गोष्ट सांगितली, प्रश्न विचारून मुलांनी उत्तर द्यावे म्हणून पडद्यावर बराच वेळ शांतता ठेवली आणि एकच भाग सोमवारपासून शुक्रवारपर्यंत सलग पाच दिवस दाखवला. प्रौढांना कंटाळवाणी वाटेल अशी ही कल्पना मुलांना मानवली, कारण पहिल्या दिवशी कोडे सोडवू न शकलेले मूल पाचव्या दिवशी पडद्यातील माणसाच्या आधी उत्तर ओरडून सांगू शकत होते. दोन मालिकांची रचना एकमेकींच्या अगदी उलट. पण दोन्ही ठिकाणी भाग तयार होताना तो मुलांना दाखवला जात होता, ‘ब्लूज क्लूज’मध्ये तर प्रत्येक भाग तीन वेळा. तेव्हा चार मिनिटे कबूल करा आणि चाचण्यांचा आग्रह सोडू नका.

इथे मला माझा एक अनुभव सांगावासा वाटतो, कारण चाचणी नसती तर तो मला कधीच आला नसता. तरंगणे आणि बुडणे यावर आम्ही एक भाग केला होता. एक विसराळू पात्र एकेक वस्तू पाण्याच्या टबात टाकते, प्रत्येक वेळी मोठा आवाज होतो, पाणी उडून त्याच्याच अंगावर येते आणि ते दचकून मागे पडते. रफ कट, म्हणजे भागाचे कच्चे संकलन, पाहताना आम्ही सगळे हसलो होतो. मुलेही पहिल्यापासून शेवटपर्यंत हसली आणि एकाचीही नजर ढळली नाही. लक्षाच्या नोंदी पाहिल्या असत्या, तर आमचा तो सर्वांत यशस्वी भाग ठरला असता. नंतर मी एका पाच वर्षांच्या मुलीला त्याच वस्तू दिल्या आणि कोणती बुडेल असे विचारले. तिने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, जिचा आवाज मोठा येईल ती. दुसऱ्या मुलानेही तेच सांगितले आणि तिसऱ्यानेही. आम्ही त्यांना मन लावून आवाज शिकवला होता. ती दुपार मी अजून विसरलेले नाही.

बालदूरचित्रवाणीचे अभ्यासक शॅलोम फिश यांनी 2000 साली मांडलेले एक प्रतिमान आहे. मुलाच्या मनाची एका वेळी काम करण्याची क्षमता मर्यादित असते, त्यामुळे गोष्ट आणि शिकवण एकमेकींपासून दूर असतील तर त्या एकाच क्षमतेसाठी झगडतात आणि बहुधा गोष्ट जिंकते. शिकवण गोष्टीच्या गाभ्यातच असेल तर गोष्ट समजण्याच्या ओघात तीही समजते, असा त्याचा आशय आहे. आमच्या भागात विनोद एकीकडे आणि विज्ञान दुसरीकडे होते. आम्ही तो पुन्हा लिहिला. आता ते पात्र प्रत्येक वेळी ठामपणे चुकीचा अंदाज करते : भलामोठा लाकडी ओंडका पाहून तो तळाला जाणार म्हणून स्वतःच लांब पळते आणि ओंडका निवांत तरंगतो, बारीकसा खडा तरंगणार म्हणून तो झेलायला हात पसरते आणि खडा सरळ तळाशी. हसू आधीइतकेच आले, परंतु आता ते नेमके वस्तू मोठी की लहान यावर बुडणे ठरत नाही या मुद्द्यावर येत होते. हसण्याची जागा हलवणे, हीच या व्यवसायातील खरी कारागिरी आहे आणि ती तुम्ही बढतीपूर्वी बारा वर्षे केली आहे.

आता परिणामाबद्दल. तुमच्या कामातून एखादे विशिष्ट मूल काय शिकले, हे तुम्हाला बहुधा कधीच कळणार नाही, आणि याबाबत मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. एकूण माध्यमाविषयी मात्र आपण अंधारात नाही. ‘सेसमी स्ट्रीट’च्या पहिल्याच वर्षाचे मूल्यमापन सॅम्युएल बॉल आणि जेरी अ‍ॅन बोगाट्झ यांनी 1970 मध्ये केले, तेव्हा कार्यक्रम अधिक पाहणाऱ्या मुलांची प्रगती अधिक झाल्याचे आढळले. 1975 मध्ये थॉमस कुक आणि सहकाऱ्यांनी त्याच सामग्रीकडे पुन्हा पाहिले आणि एक अडचणीचा प्रश्न उभा केला : सुस्थितीतील घरांमध्ये कार्यक्रम अधिक पाहिला जात असेल, तर त्याने मुलांमधील दरी बुजण्याऐवजी रुंदावत तर नसेल? हा प्रश्न या व्यवसायात प्रत्येकाने मनाशी बाळगावा असे मला वाटते. त्यानंतर चाळीस वर्षांनी, 2015 मध्ये, मेलिसा कर्नी आणि फिलिप लेव्हाइन या अर्थतज्ज्ञांनी एक हुशारीची युक्ती केली. कार्यक्रम सुरू झाला त्या काळात काही भागांत प्रक्षेपण स्पष्ट दिसे आणि काही भागांत तांत्रिक कारणांमुळे दिसत नसे. या दोन प्रकारच्या भागांतील मुलांची तुलना करता, जिथे कार्यक्रम दिसत होता तिथली मुले पुढे आपल्या वयाच्या योग्य इयत्तेत असण्याचे प्रमाण अधिक होते. हा एका विलक्षण साधनसंपन्न कार्यक्रमाविषयीचा निष्कर्ष आहे आणि तो तुमच्या मालिकेला जसाच्या तसा लावता येणार नाही. तुमच्या हाती असलेला पुरावा लहान आणि जवळचा आहे : दहा मुले, एक रफ कट आणि त्यानंतर विचारलेले प्रश्न. गेली दोन वर्षे तोही तुमच्या वाट्याला आला नाही आणि मग परिणाम दिसत नाही असे वाटू लागले, हे मला स्वाभाविकच वाटते.

नातेवाइकांच्या प्रश्नावर मी फार वेळ घेणार नाही. फ्रेड रॉजर्स यांचा ‘मिस्टर रॉजर्स नेबरहुड’ हा कार्यक्रम 1968 पासून 2001 पर्यंत अमेरिकाभर दिसत होता आणि त्यातही बाहुल्या होत्या. हे गृहस्थ मार्गारेट मॅकफार्लंड या बालमानसशास्त्रज्ञ बाईंना अनेक वर्षे नियमितपणे भेटून आपल्या संहितांवर चर्चा करत, कारण भीती, राग किंवा मृत्यू याविषयी चार वर्षांच्या मुलाशी बोलताना एखादा शब्द चुकला तर काय होते हे ते जाणत होते. ज्यांना हे काम हलके वाटते, त्यांनी ते करताना कोणाला पाहिलेले नसते. त्यांच्यावर रागावू नका आणि त्यांच्या प्रश्नावरून तीन आठवड्यांत घ्यायचा निर्णयही घेऊ नका.

एकाच कामाचे होऊन बसल्याची भीती अधिक खरी आहे, म्हणून तिच्याकडे नीट पाहू. प्रत्येक दृश्याचा एकच हेतू ठरवून तो शेवटपर्यंत सांभाळणे, तुटपुंज्या पैशांत सेट उभारणे, बालकलाकारांच्या मर्यादित तासांत चित्रीकरण संपवणे, विषयतज्ज्ञ आणि लेखक यांना एकमेकांची भाषा समजावून देणे, आणि प्रेक्षकाला काय समजले असेल हे त्याच्या जागी बसून ओळखणे, हे सगळे तुम्हाला येते आणि यांतील एकही गोष्ट मुलांच्या कार्यक्रमापुरती नाही. जोन गँझ कूनी प्रौढांच्या माहितीपटांकडून मुलांकडे आल्या. माणसे उलट दिशेनेही जातात. त्यामुळे आज नकार दिला तर दार कायमचे बंद होईल, हे मला पटत नाही. दुसरीकडे, तुम्ही गेलात आणि पाच वर्षांनी परत यावेसे वाटले तर तेव्हा आजच्याच पदावर जागा मिळेलच असेही नाही, कारण बालविभाग लहान असतात आणि त्यांतल्या वरच्या जागा मोजक्या असतात. ही असमानता खरी आहे आणि ती हिशेबात घ्यायला हवी.

वेतनाविषयी लिहिताना तुम्ही जवळजवळ क्षमा मागितली आहे. तिची गरज नव्हती. दीडपट वेतनाने घरातील एखादी मोठी चिंता मिटणार असेल, तर ते जाण्यासाठी पुरेसे आणि सन्माननीय कारण आहे, आणि मुलांविषयीच्या तळमळीपुढे ते दडपून ठेवण्याची अपेक्षा कोणी तुमच्याकडून करू नये. केवळ त्या कारणाला त्याच्या खऱ्या नावाने ओळखा. पैशांसाठी जात असताना कारकीर्द वाचवण्यासाठी जात आहे असे स्वतःला सांगितले, तर नव्या जागी पहिल्या कठीण महिन्यातच स्वतःची फसवणूक झाल्यासारखे वाटते. दैनंदिन मालिकेत भाग रोज पडद्यावर जायचा असतो, संहिता कधी कधी चित्रीकरणाच्या आदल्या रात्री हाती येते आणि प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांनुसार कथा वळवावी लागते. काहींना त्या धबडग्यातच बहर येतो. दीर्घ कथानक, अभिनेत्यांबरोबरचे काम आणि मोठा चमू यांचे तुम्हाला मनापासून आकर्षण असेल, तर तेही जाण्याचे उत्तम कारण आहे. पण तुमच्या पत्रात मला त्याचा उल्लेख सापडला नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की या तीन आठवड्यांपैकी पहिला आठवडा निर्णयाचा विचार न करता मुलांसोबत घालवावा. सध्या तयार होत असलेल्या एखाद्या भागाचा रफ कट घ्या, पालकांची रीतसर परवानगी घ्या आणि त्या वयोगटातील दहा-बारा मुलांना दोन किंवा तीनच्या गटांत तो दाखवा. मोठा गट नको, कारण एकाने मान वळवली की बाकीचे वळवतात आणि नोंदीला अर्थ उरत नाही. खोलीत थोडी खेळणी राहू द्या. तुम्ही मुलांच्या बाजूला, त्यांचा चेहरा दिसेल असे बसा आणि स्वतः पडद्याकडे पाहू नका. भाग तुम्हाला पाठ आहे. दर काही सेकंदांनी नजर कुठे आहे याची खूण करा, पण त्याहून काळजीपूर्वक टिपा ते मुलांचे बोलणे : पडद्याला उत्तर कोण देते, पुढे काय होणार हे कोण सांगते, कोण शेजारच्याला विचारते. संपल्यावर ‘आवडले का?’ असे विचारू नका, कारण समोर बसलेल्या मोठ्या माणसाला मुले बहुतेक वेळा हो म्हणतात. गोष्ट सांगायला सांगा, वस्तू हातात द्या, करून दाखवायला सांगा. जमल्यास दुसऱ्या दिवशी तोच भाग त्याच मुलांना पुन्हा दाखवा. दुसऱ्या वेळी मुले जे बोलतात ते पहिल्या वेळेपेक्षा बरेच बोलके असते. विभागप्रमुखाला एवढा वेळ कुठून मिळणार, असे तुम्ही विचारले होते. हे एकूण चार सकाळींचे काम आहे आणि एका आठवड्याच्या बैठका तुमच्यावाचून पार पडू शकतात का, हेही त्या निमित्ताने कळेल.

दुसऱ्या आठवड्यात सध्याच्या वरिष्ठांना भेटा आणि ती टिपणे बरोबर न्या. चार मिनिटांचे तुकडे करण्याची तयारी दाखवा, आणि त्याबदल्यात चाचणी वेळापत्रकातच असावी, तीही अ‍ॅनिमॅटिक (स्थिर चित्रांना आवाज जोडून केलेला कच्चा आराखडा) किंवा रफ कटच्या टप्प्यावर, असा आग्रह धरा. त्या वेळी बदल स्वस्त पडतो आणि अंतिम संकलनानंतर तोच महाग पडतो, हा मुद्दा पैशांची भाषा बोलणाऱ्यांना समजतो. स्वतःसाठीही काही मागा. प्रशासकीय कामासाठी उपप्रमुख, किंवा विभागप्रमुखपद सोडून पुन्हा एका मालिकेची निर्मिती. बढती परत करणे अनेकांना अपमानास्पद वाटते. मी ज्यांनी ते केले अशा दोन निर्मात्यांना ओळखते आणि दोघांनीही त्यानंतर आपले सर्वोत्तम काम केले; मात्र दोघांनीही वेतन कमी होणार नाही हे आधी लेखी घेतले होते. तिसरा मार्ग, म्हणजे नोकरी सोडून स्वतंत्रपणे मुलांसाठी मालिका करणे, तुमच्या मनात असेल तर घर चालवण्याइतके एक वर्षाचे पैसे हाती असल्याशिवाय तो घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण शैक्षणिक मालिकेला निधी जमवताना वर्ष सहज निघून जाते.

नव्या संस्थेला होकार देण्यापूर्वी कराराची मुदत, श्रेयनामावलीतील तुमचे स्थान आणि संहितेवर अंतिम शब्द कोणाचा, हे विचारून घ्या. तिथे काम करत असतानाच मुलांच्या एखाद्या मालिकेला सल्लागार म्हणून वर्षातून काही दिवस देण्याची मुभा करारात मागा. ती मिळाली तर या क्षेत्राशी तुमचा धागा टिकतो, आणि पाच वर्षांनी परतण्याची जी अडचण मी वर सांगितली ती निम्म्याने कमी होते. या क्षेत्रात नव्याने येऊ पाहणारी अनेक तरुण मुले-मुलीही मला लिहितात की कॅमेरा आधी शिकावा की संकलन. त्यांनाही मी वर सांगितलेल्या चार सकाळी आधी घालवायला सांगेन, कारण बाकीचे नंतर शिकता येते आणि हे मागाहून शिकणारे फार थोडे आढळतात.

चौथ्या सकाळी, शेवटचा गट निघून गेल्यावर, तुमच्या टिपणांत कुठेतरी एक अशी जागा असेल जिथे तीन मुलांनी एकाच क्षणी नजर काढून घेतली. त्या रात्री स्वतःकडे लक्ष ठेवा. तो प्रसंग पुन्हा कसा लिहिता येईल याचा विचार करत तुम्ही संहितेचे ते पान बाहेर काढलेत, तर दुसऱ्या आठवड्यातील बोलणी पूर्ण जोर लावून करा. पान बाहेर काढावेसे वाटलेच नाही, मुलांमध्ये बसूनही मन दुसरीकडेच राहिले, तर ती चौदा वर्षे वाया गेली असे मानू नका आणि अपराधी न वाटता नव्या संस्थेच्या करारावर सही करा. दोहोंपैकी काहीही झाले तरी मला कळवा. विशेषतः त्या तीन मुलांनी नजर का काढून घेतली, हे तुम्हाला समजले असेल तर जरूर कळवा.